एका तांब्याचं पाणी

मी माझ्या धाकट्या बहिणीचा हेवा करत आले, आणि ती मरणाच्या दारात होती तेव्हा सगळ्यात जास्त केला. हे आधीच सांगून टाकते. पत्रकात आम्ही मुद्दा पहिल्याच ओळीत ठोकायचो, म्हणजे वाचणाऱ्यानं पुढं त्या कागदात शेंगा बांधल्या तरी एवढं तरी त्याच्या डोळ्यांखालून गेलेलं असायचं. ती खोड गेलेली नाही.

पत्रकं मी लिहायची आणि गाणी ती म्हणायची. आमचं गाव कृष्णेच्या काठी, सातारा जिल्ह्यातलं. पण डॉक्टर, बाजार आणि छापखाना यांसाठी पाय सांगलीकडंच वळायचे. पथक म्हणजे आम्ही आठ-दहा पोरंपोरी. आजूबाजूच्या गावांत जायचं, चावडीसमोर सभा घ्यायची, विहिरी सगळ्यांना खुल्या करा म्हणून बोलायचं. सभेच्या शेवटी पितळेचा एक तांब्या फिरायचा. गावातल्यांनी आणि गावकुसाबाहेरच्यांनी, सगळ्यांनी, त्याच तांब्याला ओठ लावून एकेक घोट घ्यायचा. वरून धार धरून प्यायला आमच्यात सक्त मनाई. ओठ न लावता पाणी प्यायची युक्ती ही शिवाशिवीची पळवाट आहे, असं मी एका पत्रकात लिहिलं होतं आणि त्या वाक्यावर मी फार खूश होते. तांब्या माझ्या पिशवीत असायचा. तो दुसऱ्या कुणाला मी घासूसुद्धा द्यायची नाही.

पण माणसं जमायची ती तिच्या गाण्याला. तिनं सूर लावला की ओट्यावरचे म्हातारे चिलीम खाली ठेवायचे. मी बोलायला उठले की तीच चिलीम पुन्हा पेटायची. एका गावच्या पाटलानं तर तोंडावर सांगितलं, "पोरी, तुजी धाकली येनार आसंल तर ह्या आयतवारी या. न्हाईतर मग सुगी झाल्यावर निवांत या." सगळे हसले. तीही हसली, आणि परतीच्या वाटेवर माझा हात धरून म्हणाली, "आक्का, तू लिवतीस म्हणून मी गाती. तुझ्याबिगर काय गाणार?" ती मनापासून बोलत होती. म्हणूनच मला जास्त राग आला.

आई आम्ही लहान असताना गेली. घरात आबा आणि त्यांची विधवा बहीण, आमची आत्या. आबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला होते, हवालदार होऊन आले. त्यांचे बिल्ले चौकटीत बसवून सोप्यातल्या भिंतीला लावलेले होते. मी सरकारी बिल्ल्यांवर एक पत्रक काढलं, चांगलं कडक, आणि त्याची एक प्रत मुद्दाम त्यांच्या पगडीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी भिंतीवर नुसता चौकोनी पांढरा डाग. बिल्ले ट्रंकेत गेले. मला वाटलं, मी जिंकले.

दुसरी मोठी लढाई संपली त्या हिवाळ्यात धाकटीला ताप आला. तापावर गोळ्या मिळाल्या, ताप उतरला, आणि आठ दिवसांनी पुन्हा चढला. या खेपेला तोंडात आणि घशात फोड आले, थुंकी गिळवेना. आबांनी तिला सांगलीच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून रक्त काचेवर घेतलं आणि कितीतरी वेळ सूक्ष्मदर्शकाच्या नळीत डोळा घालून बसले. मी आणि आबा भिंतीला टेकून उभे.

"त्या गोळ्या आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. "हिला त्या मानवल्या नाहीत. रक्तात पांढरे कण असतात. बाहेरून रोग आत शिरला की ते त्याच्याशी लढतात. शिपाईच समजा. हिच्या रक्तात ते मोजायलासुद्धा उरले नाहीत."

"म्हंजी पलटण गारद," आबा म्हणाले.

"जवळजवळ."

"नवी भरती हुईल का?"

"होते. आतल्या आत होते. महिना लागेल, तीन महिने लागतील, मला सांगता येणार नाही. पण तोवर साधी सर्दी, एखादी खरचटलेली जखम, कुणाचं उष्टं, काहीही हिला पुरेल. तुम्हाला शिंक येईल. हिला त्याच शिंकेनं न्यूमोनिया होईल. आणि त्या गोळ्या आता देता येणार नाहीत. माझ्याकडे दुसरं काही नाही. तेव्हा रोग आत येऊच द्यायचा नाही, एवढाच उपाय."

आबांनी टाचा जुळवल्या. हसू आलं मला. इतक्या वर्षांत मी त्यांना टाचा जुळवताना पाहिलं नव्हतं.

घरी आल्या आल्या त्यांनी छावणी ठोकली. मधली खोली रिकामी करून शेणाऐवजी चुन्यानं सारवून घेतली. शेरडं परसातून दुसऱ्याच्या गोठ्यात गेली, कोंबड्या आत्याच्या नणंदेकडं. उंबऱ्याच्या अलीकडं हातभर अंतरावर चुन्याची रेघ ओढली. रेघेच्या आत पाय ठेवायचा तर साबणानं कोपरापर्यंत हात, मग लाल औषधाच्या पाण्यात बोटं, मग तोंडाला धुतलेलं फडकं. पाणी उकळून. दूध उकळून. कच्चं काही नाही. गुऱ्हाळं सुरू झालेली, सगळ्या शिवारात रसाचा वास, आणि तिला उसाचं कांडंही मिळायचं नाही. भांडी रोज उकळत्या पाण्यात, तीही वेगळी. तिचा पेला वेगळा, ताटली वेगळी, तांब्या वेगळा.

मी सभेहून आले तेव्हा हे सगळं झालेलं होतं. मी पिशवी खांद्यावरच ठेवून आत निघाले, तशी आबांनी दारात काठी आडवी धरली.

"आबा, ही शिवाशीवच झाली की."

"शिवाशिवीत मानूस कोन हाय ते बघत्यात. मी हात बघतो. दाव."

मी हात पुढं केले.

"आज किती जणांच्या हातात गेलं ह्ये हात?"

"सगळ्या सभेच्या," मी म्हणाले, आणि ते मी अभिमानानं म्हणाले.

"मग सोप्यात बस."

नुसते हात धुऊन भागणार नव्हतं. मी पथकात जात होते तोवर मला आत यायला बंदी होती. रोज नवं गाव, रोज शंभर माणसांच्या तोंडचा तांब्या. आबांनी सरळ पर्याय ठेवला: पथक सोड आणि आत ये, नाहीतर खिडकीतून बोल. मी खिडकी घेतली. मला वाटलं हे तत्त्व आहे.

आत्याला दम्याचा खोकला, त्यामुळं तीही रेघेबाहेर. मग धाकटीजवळ बसायचं कुणी? आबांनी ज्या बाईला आणलं ती गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. तिनं सांगलीच्या दवाखान्यात बरीच वर्षं आया म्हणून काम केलेलं होतं, आणि सासू अंथरुणाला खिळल्यावर ती गावी परतली होती. सगळे तिला आयाबाई म्हणत. आबा स्वतः तिच्या दारात जाऊन तिला या म्हणाले.

आता नीट ऐका. आबांच्या उंबऱ्याच्या आत या बाईला मान मिळावा म्हणून मी तीन वर्षं पत्रकं लिहीत होते. आमच्या सभांना ती यायची, आमच्या तांब्याचं पाणी ती प्याली होती. आणि ज्या दिवशी ती खरोखर उंबरा ओलांडून आत गेली, त्या दिवशी मी तोंड फिरवून परसात गेले. ती आत आणि मी बाहेर. माझ्या रक्ताच्या बहिणीची वेणी ती घालणार, तोंड ती धुणार, आणि मी परसातल्या खिडकीशी लिंबाच्या मुळावर उभी राहून विचारणार, काय खाल्लंस.

तिचं हात धुणं मी सोप्यातून बघायची. साबण फिरवायची तर बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, मनगटाभोवती, काही घाई नाही. मग हात लुगड्याला न पुसता वर धरून वाळवायची, जणू कुणी तिला दोन हात वर करायला लावलेत. त्यात चूक काढायला मी टपलेली असायची. एकही सापडली नाही. आबा तिचं धुणं बघून मान डोलवायचे. माझ्या एकाही पत्रकावर त्यांनी तशी मान डोलवलेली नव्हती.

आणि आतून हसणं यायचं. धाकटी हसायची. घसा दुखत असताना हसायची. आयाबाई तिला दवाखान्यातल्या गोष्टी सांगायची, कुठल्या सरदाराच्या बायकोनं इंजेक्शनच्या भीतीनं पलंगाखाली कशी दडी मारली, असलं काहीबाही. खिडकीशी मी गेले की धाकटी म्हणायची, "आक्का, बाईनं आज लय हसवलं बघ." मी म्हणायची, "व्हय का." आणि सभेला उशीर होतोय म्हणून निघायची. सभा संध्याकाळी असायची.

गावात कुजबूज होतीच. हवालदारानं बाहेरची बाई थेट आतल्या खोलीत घेतली म्हणून. आत्याला ते पाणवठ्यावर ऐकून यावं लागायचं. मी तिला तावातावानं समानतेवर सुनवायची. सुनवताना माझा आवाज जरा जास्तच चढायचा, कारण तिच्या मनात जे होतं ते माझ्याही मनात होतं, फक्त कारण वेगळं होतं.

दीड महिना असा गेला. डॉक्टर म्हणाले, कण थोडे वाढलेत, आणखी असंच जपा. फोड बसले होते. ती खाटेवर उठून बसायला लागली होती.

तिकडं पथकात तिच्या जागी एक दुसरी मुलगी गायला लागली होती. बरी गायची. पण म्हातारे चिलीम खाली ठेवत नव्हते. "धाकली कुठाय?" हाच प्रश्न प्रत्येक गावात. मी सांगायची, आजारी आहे, आणि आतून जळायची, कारण ती नसतानाही सभा तिचीच असायची.

एके दिवशी शेजारच्या गावात बाजार होता म्हणून सभा सकाळीच झाली, ती आटपून मी थेट परसात आले. सभेत निम्मी माणसं खोकत होती, थंडीच तशी होती. माझाही घसा खवखवत होता. आबा उकळायला जळण आणायला मळ्यात गेले होते, आत्या देवळात, आणि आयाबाई धाकटीची चादर-कपडे घेऊन नदीवर. घरात ती एकटी. खिडकीच्या गजांशी येऊन बसली. केस नीट विंचरलेले, तेल लावलेलं. बाईनं विंचरलेले.

"सभा कशी झाली?"

"झाली."

"मला इचारत्यात का कुणी?"

"न्हाई," मी म्हणाले. हे मी खोटं बोलले.

तिचा चेहरा उतरला. "मला लय वाटतं गं, आक्का. बसल्या बसल्या गाणी आठवत्यात मनात. आपुन सगळी वर्तुळात बसलोय, तांब्या फिरतोय..."

पथकाचा तांब्या माझ्या हातातच होता. तळाला सभेतलं पाणी शिल्लक होतं, दोन-चार घोट. तो मी गजांमधून आत धरला.

ती मागं सरकली. "बाई रागवंल."

तिनं आबांचं नाव घेतलं असतं तर कदाचित मी हात मागं घेतला असता. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय आणि ते खरं आहे की नाही मला ठाऊक नाही. ती म्हणाली, बाई.

"तू कुणाची?" मी विचारलं. "पथकाची का छावणीची? बामणीन झालीस व्हय, यगळा तांब्या, यगळी ताटली? माजं उष्टं तुला चालत न्हाई का आता?"

तिला डॉक्टरांचं बोलणं पाठ होतं, माझ्यापेक्षा जास्त पाठ. मग ती हसली, जशी त्या पाटलाच्या बोलण्यावर हसली होती तशीच, ओठ लावले आणि प्याली. सगळं प्याली. मी तांब्या पिशवीत ठेवला. दीड महिन्यात पहिल्यांदा मला बरं वाटलं. ती पुन्हा माझी झाली असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. चौथ्या दिवशी घसा बाहेरून सुजला आणि आवाज गेला. आबांनी बैलगाडीत गादी घालून तिला सांगलीला नेलं. मी गाडीमागून चालत होते. डॉक्टरांनी तोंडात उजेड धरून बघितलं आणि सरळ आबांकडं वळले.

"नियम कुठं मोडला? आत कोण गेलं? कुणाचं उष्टं?"

आबांनी धाकटीकडं पाहिलं. तिनं मान हलवली, नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही, कारण मी रेघेच्या आत कधी गेलेच नव्हते. ते सगळ्यांना माहीत होतं.

गाडीत बसून बरोबर आलेली आत्या बोलली. "बाहेरची एकच आत जात हुती, दादा. मी आधीच म्हनलं हुतं. पर ह्या घरात माजं कोन ऐकतंय."

आयाबाई दवाखान्याच्या पायरीशी उभी होती. गाडीबरोबर तीही चालत आली होती, माझ्या शेजारून, सहा कोस, आणि वाटेत मला दोनदा विचारलं होतं, "ताई, तुमालाबी घसा धरलाय का वो? गरम पानी पीत चला."

आबा तिच्यापाशी गेले. त्यांना जड जात होतं ते दिसत होतं. "उद्यापास्नं येऊ नका."

"हात धुऊनच शिवलीया, हवालदार."

"ते मी बघिटलंय. पर उद्यापास्नं नगं."

तिनं पदर खोचला आणि आल्या वाटेनं निघाली. माझ्या मनात काय आलं ते लिहिते: बरं झालं.

धाकटीला दवाखान्यातच एका वेगळ्या खोलीत ठेवून घेतलं, आणि मग मला हवं होतं तेच घडलं. आबा म्हणाले, "आता तू बस जवळ. हात धू." मी हात धुतले. तोंडाला फडकं बांधलं. तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. घरातल्या दीड महिन्यात ज्या जागेसाठी मी जळले ती जागा मला मिळाली. धाकटी भिंतीकडं तोंड करून पडलेली. मी तिच्या कपाळावर ओली घडी ठेवली, तिनं ती ओघळू दिली. मी दुसरी ठेवली. बाईच्या हाताला जी सवय होती ती माझ्या हातात नव्हती, मला उशी नीट देता येईना, पेला तिच्या ओठांशी धरला तर तिच्या गळ्यावर सांडला.

दुपारच्याला तिनं हात पुढं केला, लिहायला काहीतरी दे, अशी खूण केली. माझ्या पिशवीत पत्रकांशिवाय कागद नव्हता. एका पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं तिनं लिहिलं: बाई कुठं?

"आबांनी जा म्हनून सांगितलं," मी म्हणाले.

तिनं कागद स्वतःकडं ओढला. मग पुन्हा पेन्सिल घेतली. अक्षरं वेडीवाकडी. मी सांगनार नाही. तू सांग.

दुसऱ्या सकाळी डॉक्टरांनी आबांना बाजूला घेतलं. नवं औषध निघालंय, बुरशीपासून केलेलं, सुईनं द्यायचं, ते हिला चालेल. पण लढाईपायी ते सगळं लष्कराकडं, आमच्यासारख्यांच्या हाताला लागत नाही. "तुम्ही जुने शिपाई. साताऱ्यात कुणी ओळखीचा अंमलदार असेल तर बघा. तीन दिवसांच्या आत आणा. त्यानंतर आणून उपयोग नाही."

आत्याला तोंड बांधून खोलीच्या दाराशी बसवलं आणि मी आबांबरोबर गावी आले. त्यांना कागदपत्रं आणि कोट हवा होता. त्यांनी ट्रंक उघडली, बिल्ल्यांची चौकट मोडून बिल्ले काढले आणि कोटाला लावायला लागले. जाड कापडात पिन शिरेना.

"जरा लाव गं," त्यांनी कोट माझ्यापुढं धरला.

मी ज्या बिल्ल्यांना गुलामीचे पत्रे म्हटलं होतं, ते मी एकेक करून बापाच्या छातीवर लावले. दुसरा लावताना सांगितलं. खिडकी, तांब्या, आणि मी काय बोलले ते सगळं. पथकाची का छावणीची, तेसुद्धा.

आबांनी मान खाली घालून बिल्ल्यांकडं पाहिलं. मग म्हणाले, "त्यो गोल हाय त्यो डावीकडं. राजाचं तोंड सरळ यिऊ दे. वाकडं असलं तर सायब कागद हातात घ्यायचा न्हाई."

मी सरळ केला.

"मी सातारला जातो. तू बाईकडं जा. मी घालवली म्हनून मीच जायाला पायजे, पर मला येळ न्हाई. पाय धर लागला तर."

ते गेले. मी वस्तीवर गेले. आयाबाई दारात सासूला भाकरीचा काला भरवत होती. भरवणं थांबवलं नाही.

"हवालदारानं पाठवलं?"

"व्हय. आणि मी बी आले. पानी मी पाजलं, बाई. तांब्याचं."

तिनं एक घास भरवला, म्हातारीचं तोंड पुसलं. "मला म्हाईत हुतं."

"कवापास्नं?"

"खिडकीखाली पान्याचा डाग, आन् तुमचा खोकला. आंधळी हाय व्हय मी?"

"मग बोलला का न्हाई?"

"माजं ऐकलं आसतं कुनी? हवालदाराची थोरली खोटी, आन् मी खरी?" ती पहिल्यांदा माझ्याकडं वळली. "ताई, तुमच्या तांब्याचं पानी मीबी प्यालीया. पयल्या येळंला डोळ्यात पानी आलं माज्या. पर आमाला लांब ठेवत्यात ते जल्मभर, काय केलं तरी. धाकल्या ताईला लांब ठिवलंय ते रगत भरूस्तवर, आन् तेबी समद्यांनी, बापानंसुदीक. तुमाला दोन्ही येकच दिसलं?"

मला दोन्ही एकच दिसलं नव्हतं. मला खोलीत माझ्या जागी बाई दिसली होती, एवढंच. ते मी तिला तेव्हा सांगू शकले नाही, आत्ता इथं लिहिते आहे.

"येते," ती म्हणाली. "पर माजं नाव चावडीत गेलंय. तिथनं आना."

"म्हणजे?"

"सभा घेता न्हवं तुमी? घ्या."

चावडीसमोर दुपारी जी माणसं बसलेली असतात तीच होती. पाच-सात म्हातारे, दोन सुट्टीवर आलेले शिपाई, पाण्याला निघालेल्या बाया. मी उभी राहिले. गाणं नव्हतं, पत्रक नव्हतं. सांगितलं की आयाबाईच्या हातून काही चुकलं नाही, माझ्या बहिणीला उष्टं पाणी मी पाजलं, डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना पाजलं. एक म्हातारा म्हणाला, "मग त्या तांब्याचं काय आता? आमीबी प्यालोय त्यातनं." दुसरा म्हणाला, "तुला काय हुतंय, तू इख पचिवशील." कुणीतरी हसलं, बाकीचे हसले नाहीत. चिलमी हातातच राहिल्या, पेटवल्या नाहीत कुणी. माझं इतकं आखूड भाषण आधी झालं नव्हतं आणि इतकं ऐकलंही गेलं नव्हतं.

त्या दिवशी सांगलीला आम्ही दोघी चालत गेलो. आयाबाई खोलीत गेली आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. धाकटीनं भिंतीकडचं तोंड वळवलेलं दारातून दिसलं.

आबा तिसऱ्या दिवशी आले. कोट चुरगळलेला, छातीवरचा एक बिल्ला पडून गेलेला, आणि छोट्या बाटल्यांची पेटी बर्फात घालून मांडीवर धरलेली. साताऱ्यात त्यांना कुणाकुणाच्या दारात उभं राहावं लागलं ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. दर तीन तासांनी सुई. पाचव्या दिवशी ताप उतरला. सूज गेली. कण मात्र हळूहळू भरत गेले, आणि तिला पुन्हा तीच मधली खोली, तीच रेघ, तोच उकळलेला तांब्या. मी पथकाला दोन महिन्यांची सुट्टी सांगितली. तरी आबांनी मला आत घेतलं नाही. मी मागितलंही नाही. जळण मी आणायची, पाणी मी उकळायची, उंबऱ्याशी ठेवायची आणि तिथून आयाबाई उचलायची.

चैत्रात डॉक्टरांनी काचेवरचं रक्त बघून आबांच्या खांद्यावर हात ठेवला. घरी आल्यावर आबांनी ओल्या फडक्यानं चुन्याची रेघ पुसली. धाकटी उंबऱ्याबाहेर आली. पायात बळ नव्हतं, आयाबाईचा खांदा धरून आली. आवाज आला होता, पण वरच्या पट्टीत फाटत होता, आणि तो तसाच राहिला आहे. अजून ती गाते. अजून म्हातारे तिच्यासाठीच येतात. फाटलेल्या आवाजालासुद्धा.

सोप्यात बसल्यावर तिनं पाणी मागितलं. मी पथकाचा तांब्या राखेनं घासून, तीनदा उकळून आणला. तिनं तो हातात घेतला, मान मागं टाकली आणि वरून धार धरली. अर्धी तोंडात, अर्धी हनुवटीवर. माझ्याकडं बघून हसली. पत्रकात जिला मी पळवाट म्हटलं होतं तीच धार.

मग तिनं तांब्या पुढं केला, आयाबाईकडं. बाईनं ओठ लावून दोन घोट घेतले. तिच्याकडून आबांनी घेतला, ओठ लावूनच. आत्या म्हणाली, "मला तहान न्हाई." आबा तांब्या तसाच तिच्यापुढं धरून उभे राहिले, शेवटी तिनंही तोंड ओलं केलं. मग तो माझ्याकडं आला. तळाला घोटभर उरलं होतं.

मी प्याले. माझा नंबर शेवटचा आला हे त्यातही माझ्या लक्षात होतं. पहिला तांब्या तिनं मला द्यायला हवा होता, असं अजून वाटतं. का द्यावा, ते मात्र मला कुठल्याही पत्रकात लिहिता येणार नाही.